टब आणि टाइल्समधली फट भरूनही पुन्हा पुन्हा उघडते तेव्हा

बाथटबची कड जिथे भिंतीच्या टाइल्सना भिडते, तिथली फट दिवाळीच्या रंगरंगोटीबरोबर भरून घ्यायची आणि होळी येईपर्यंत ती पुन्हा उघडायची, हे आमच्या ग्वाल्हेरात ज्यांच्या घरी टब आहे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आधी केसाएवढी चीर दिसते. मग तिच्यात काळं साचतं, आणि मग पलीकडच्या खोलीत जमिनीलगत रंगाचे पोपडे सुटायला लागतात. मिस्त्रीला बोलावलं की तो म्हणतो, “भाईसाब, सफेद सीमेंट से एकदम पैक कर दूँगा,” आणि करतोही. त्याचा हात चांगला असतो, पण व्हाइट सिमेंट या जागेचं नाही. दोन टाइल्सच्या मधे ते वर्षानुवर्षं राहतं, कारण दोन्ही टाइल्स एकाच भिंतीला चिकटलेल्या असतात आणि एकमेकींपासून हलत नाहीत. टबाचं तसं नाही. टब हलतो, भिंत हलत नाही, आणि त्या दोघांच्या मधे जे काही भराल त्याला रोज ताण सोसावा लागतो.

किती हलतो, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मध्यम आकाराच्या टबात १५० ते २०० लिटर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो, त्यावर बसणाऱ्या माणसाचं वजन. या भाराने कड थोडी खाली बसते आणि पाणी सोडलं की वर येते. दुसरी गोष्ट तापमानाची, आणि आपल्याकडे तीच जास्त छळते. जानेवारीत रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. त्या गारठलेल्या टबात सकाळी गीझरचं ४० अंशांचं पाणी सोडलं की ३० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने दीड मीटर लांब नुसत्या अ‍ॅक्रिलिकची पट्टी ३ मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि तेवढ्याच लांबीची टाइल्सची रांग जेमतेम पाव मिलिमीटर. टबाच्या पाठीला फायबरग्लासचा थर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात टब इतका वाढत नाही, तरी टाइलच्या कितीतरी पट वाढतोच. जुन्या बंगल्यांतले ओतीव लोखंडाचे टब या बाबतीत बरेच शांत असतात. अ‍ॅक्रिलिकचा टब असेल तर मात्र तो सांधा हलता आहे हे धरूनच काम करायला हवं.

फट भरायच्या आधी: पाणी खरंच तिथूनच जातंय का?

पलीकडच्या भिंतीला ओल आली की सगळा आळ या फटीवर येतो. पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो आणि सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून लावायचा, रबरासारखा ताणणारा माल, लावून काहीच फरक पडत नाही. म्हणून टब आणि भिंत पूर्ण कोरडी करून एकेक गोष्ट वेगळी तपासा. टबाच्या पुढच्या विटांच्या बांधकामात झडप ठेवलेली असेल तर ती उघडून आत जुनी वर्तमानपत्रं पसरा. ओलं कुठे झालं ते कागदावर लगेच कळतं.

आधी भिंतीला थेंबही न लागू देता पाइपने टब भरा, वरच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी जाण्याच्या, भोकाच्या जरा खालीपर्यंत. तासभर थांबा. कागद कोरडा असेल तर पाणी सोडून द्या. आता ओलं झालं, तर दोष खालच्या वेस्टच्या, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाच्या, जोडणीत आहे. ओव्हरफ्लोमधून पाणी जाईल इतकं भरल्यावरच गळत असेल, तर त्या भोकामागचं रबर गेलेलं आहे. दोन्हीकडे ठीक असेल तर हँडशॉवर हातात घेऊन फक्त सांध्यावर पाणी सोडा, थांबा, पाहा. मग भिंतीवर वर, नळाच्या चकत्यांभोवती. नळाच्या चकतीमागची मोकळी जागा हा फार दुर्लक्षित रस्ता आहे. पाणी भिंतीत तिथून शिरतं आणि खाली येऊन टबाच्या कडेला दिसतं, त्यामुळे बदनाम होतो तो खालचा सांधा. प्रत्येक तपासणीनंतर अर्धा तास तरी जाऊ द्या; भिंतीतून पाणी झिरपायला वेळ लागतो.

टाइल्सच्या मधलं ग्राउट वर कुठे पोकळ झालं असेल, तर ते आधी दुरुस्त करा. हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतं: भिंतीतून उतरलेलं पाणी टबाच्या कडेवर येऊन थांबतं, आणि खालचा सांधा आपण नव्याने पक्का बंद केलेला असल्यामुळे त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. मग सिलिकॉनच्या आतल्या बाजूने काळे ठिपके येतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत, कारण बुरशी आत आहे आणि आपण घासतोय बाहेरून.

जुनं सिलिकॉन कुठून सुटलंय ते नीट पाहा

खरवडायला लागण्यापूर्वी पाच मिनिटं बॅटरी घेऊन सांधा वाचा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाचं कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि खरवडलं की ते पुसलं जातं.

पट्टी टबाच्या बाजूने अख्खी सुटून आली असेल आणि खाली टबाची कड गुळगुळीत, हाताला किंचित बुळबुळीत लागत असेल, तर लावताना तिथे साबणाचा किंवा तेलाचा थर होता, किंवा जुन्या सिलिकॉनची पातळ कात राहून गेली होती. सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर नीट धरत नाही. वरून नवा थर चढवण्याचे सगळे प्रयत्न इथेच फसतात. टाइलच्या बाजूने सुटलं असेल आणि मागे पांढरी पूड दिसत असेल, तर भिंतीतून ओल येते आहे आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा भिंतीतला क्षार, धरतो आहे, किंवा व्हाइट सिमेंटच्या भुकटीवरच सिलिकॉन लावलं गेलं होतं. बोअरच्या जड पाण्याचा क्षारही असाच पांढरा दिसतो, पण तो खडबडीत आणि टणक असतो, नखाने निघत नाही. पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट आणि मधोमध फाटलेली असेल, तर चिकटण्यात काही खोट नाही. पट्टी फार बारीक होती. चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताण सोसतं, स्वस्तातलं त्याहून कमी. म्हणजे ६ मिलिमीटर रुंद पट्टी दीड मिलिमीटर ताणली तरी टिकते, आणि २ मिलिमीटरची नाजूक रेघ अर्ध्या मिलिमीटरलाच तुटते. दिसायला सुबक म्हणून बारीक रेघ मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि एकाच कोपऱ्यात, नेहमी त्याच कोपऱ्यात उघडत असेल, तर टब डुगडुगतो आहे. माझ्या मावशीकडे जनकगंजातल्या जुन्या वाड्याच्या मागच्या भागात असंच होतं. तिच्या गुडघ्यांसाठी टब बसवला, आणि नळाच्या बाजूचा कोपरा दर थंडीत उघडायचा. शेवटी तिथलं सगळं खरवडून काढलं तेव्हा वरून खाली सिलिकॉन, त्याखाली व्हाइट सिमेंट, त्याखाली पुन्हा सिलिकॉन आणि सगळ्यात तळाला ओली काळी माती असे थर निघाले. झडपेतून आत पाहिल्यावर त्या कोपऱ्याच्या पायाखाली सारलेला लाकडाचा तुकडा कुजून भुगा झालेला दिसला. तो पाय जमिनीला टेकतच नव्हता. अशा ठिकाणी वर काहीही लावा, टिकणार नाही.

हे ओळखायची सोपी रीत सांगतो. टब रिकामा असताना, कडेच्या अगदी वर टाइलवर मास्किंग टेपची पट्टी लावा आणि तिच्यावर कडेला धरून पेन्सिलीने रेघ ओढा. मग टब भरा आणि घरातल्या कुणाला तरी आत बसायला सांगा. रेघ आणि कड यांच्यात आता किती अंतर पडलं ते मोजपट्टीने पाहा. सगळीकडे मिलिमीटरभर सरकलं तर सिलिकॉन ते सांभाळेल. एका जागी ३-४ मिलिमीटर सरकलं, तर आधी टबाखालचं काम करा: पायांचे नट आवळा, खाली लाकडाऐवजी फरशीचा तुकडा द्या, आणि जमलं तर टब पाण्याने भरलेला असताना बुडाखाली कोरडसर वाळू-सिमेंटचा थर ठासून घ्या, म्हणजे बूड अधांतरी राहत नाही.

खरवडणं आणि वाळवणं

एकूण मेहनतीचे चारातले तीन हिस्से इथेच जातात, आणि मजुरीवर काम देताना कारागीर घाई करतो तीही इथेच. टाइलच्या बाजूने ब्लेड चालतं, टबाच्या बाजूने मुळीच नाही. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं कार्ड वापरा. सिलिकॉन रिमूव्हर मिळाला तर काम हलकं होतं, फक्त तो अ‍ॅक्रिलिकवर चालतो का ते वाचून घ्या. थिनर किंवा अ‍ॅसिटोन टबाला लावू नका, पृष्ठभाग विरघळून कायमचा पांढुरका डाग पडतो. रॉकेलने साफ केलं तर तेलकट थर मागे राहतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

काळी बुरशी असेल तर कपड्यांचं ब्लीच कापसाच्या लांब वातीत भिजवून ती वात सांध्यात दाबून ठेवा, १५-२० मिनिटांनी काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी हवी. हे करताना जवळपास टॉयलेट क्लीनर, तेजाब किंवा व्हिनेगर आणू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. क्षार काढायला सायट्रिक आम्लाचं पाणी वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, आधीचं सगळं धुऊन झाल्यावर.

मग वाळू द्या. वरून कोरडं दिसणं पुरेसं नाही, फटीच्या आतली ओल जायला हवी. नव्या विटांच्या भिंतीत एक-दोन दिवसांत जमतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या चुन्याच्या जाड भिंतींना बराच जास्त वेळ लागतो, तिथे पंखा लावून ठेवा. खात्रीसाठी टिश्यू पेपरची घडी फटीत खुपसून रात्रभर ठेवा. सकाळी ती किंचितही दमट निघाली तर सिलिकॉन उघडू नका. लावण्याच्या अगदी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन दोन्ही कडा एकदा पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका.

माल कोणता

दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या ट्यूब शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. त्यांतली ‘गॅप फिलर’ किंवा ‘अ‍ॅक्रिलिक सीलंट’ स्वस्त असते, पण ती भिंतीच्या चिरा आणि दारांच्या चौकटींसाठी आहे. सतत ओल्या जागी ती मऊ पडते, आकसते. आपल्याला ‘सॅनिटरी’ लिहिलेलं सिलिकॉन हवं. त्यात बुरशीनाशक असतं. सिलिकॉनमध्येही दोन जाती आहेत. एकाला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते आम्लाचं. चकचकीत टाइलसाठी चांगलं, अ‍ॅक्रिलिकवर चालतं का ते ट्यूबवर वाचून घ्या. दुसरं न्यूट्रल. भिंतीला संगमरवर किंवा दुसरा नैसर्गिक दगड असेल, किंवा सांध्यात सिमेंटचा भाग उघडा असेल, तर न्यूट्रलच घ्या. आम्लाने दगडावर डाग पडतात आणि सिमेंटवर पकड कच्ची राहते.

ट्यूबवरची तारीख बघा. हे आपल्या भागात विशेष सांगावंसं वाटतं, कारण उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेला माल लवकर बिघडतो. जुनं झालेलं सिलिकॉन लावता येतं, पण ते घट्ट होतच नाही, चिकट राहतं, आणि मग ते काढणं नवं लावण्यापेक्षा दसपट त्रासाचं. घरी आणल्यावर आधी कागदावर थोडं काढून ठेवा. अर्ध्या तासात वर साय धरली तर माल ताजा आहे.

२८० मिलिलिटरच्या एका ट्यूबमधून ६ मिलिमीटर जाडीची साडेसात मीटरच्या आसपास पट्टी निघते. टबाच्या तीन बाजू मिळून ती तीन-साडेतीन मीटर लागते. म्हणजे एक ट्यूब भरपूर झाली. कंजूषपणाने बारीक ओढायचं कारण नाही.

लावणं

आता टब भरा. गार पाणी, ओव्हरफ्लोच्या खालीपर्यंत. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पहिल्याच आंघोळीला कड खाली जाते आणि पट्टी ताणलेल्या अवस्थेतच आयुष्य काढते. भरलेल्या टबाला लावलं तर फट सगळ्यात रुंद असताना ती भरली जाते, आणि पाणी सोडल्यावर पट्टी दाबली जाते. दाब सिलिकॉन आनंदाने सोसतं. घरात लहान मूल असेल तर बाथरूमला बाहेरून कडी घाला, भरलेला टब एक क्षणही उघडा सोडू नका.

फट ६ मिलिमीटरहून खोल असेल तर आत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवा. फटीपेक्षा थोडी जाड घ्या म्हणजे ती अडकून राहते. तिचा उपयोग माल वाचवण्यापुरता नाही. सिलिकॉन टब आणि टाइल या दोनच बाजूंना धरायला हवं. ते मागच्या भिंतीलाही चिकटलं तर ताणताना मधून फाटतं. फोमला ते धरत नाही, म्हणून मोकळं ताणलं जातं.

फटीच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावा, दोन्हींच्या मधे ६ ते ८ मिलिमीटर जागा सोडून. नळीचं तोंड तिरकं कापा, भोक ५-६ मिलिमीटरचं. ट्यूब बसवलेली गन (दट्ट्याने माल बाहेर ढकलणारं हत्यार) ४५ अंशांत धरून कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि हात एका संथ गतीने चालवा, माल नळीच्या तोंडासमोर दाबला जाऊन फटीत शिरताना दिसला पाहिजे. मधे थांबावं लागलं तर लगेच मागची कळ दाबून दट्ट्या सैल करा. एक बाजू झाली की साबणाच्या पाण्यात बुडवून निथळलेलं बोट, किंवा आइस्क्रीमची काडी, एकाच दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. पृष्ठभाग किंचित आत वळलेला हवा, पण मधे पातळ झालेला नको. पुन्हा पुन्हा हात फिरवायचा मोह आवरा. साय धरायला लागलेल्या सिलिकॉनला छेडलं की त्याच्यावर सुरकुत्या राहतात. माल ओला असतानाच टेप तिरका ओढून काढा. हाताला लागलेलं सिलिकॉन आधी कोरड्या कागदाने पुसा, पाण्याने ते आणखी पसरतं.

सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने पिकतं. त्यामुळे लू चालू असताना, हवा कोरडीठाक असताना, ते उलट हळू घट्ट होतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. तरी भरलेला टब शेजारी असल्यामुळे बाथरूमचं दार लावून ठेवलं तरी बाष्प पुरतं. मे महिन्यात गच्चीखालच्या बाथरूममध्ये काम करायचंच असेल तर पहाटे करा. तापलेल्या टाइलवर वरची साय झटकन धरते आणि बोट फिरवायला वेळच मिळत नाही. जानेवारीत उलट, दुपारी करा, सकाळी टाइलवर दव धरलेलं असतं. माझ्या मते शरद पौर्णिमेपासून पुढचा महिना-दीड महिना आणि मग फाल्गुन हे या कामाचे दिवस.

घट्ट होण्याचा वेग दिवसाला २-३ मिलिमीटर खोलीचा धरा. २४ तास टब भरलेला ठेवा, मग पाणी हळू सोडा, आणि आंघोळ आणखी दोन दिवस बादलीने दुसरीकडे करा. घरात पाहुणे असतील तर हे काम काढूच नका, कुणीतरी शॉवर सुरू करतंच.

सांधा टिकवायला नंतर फारसं काही लागत नाही. आंघोळ झाल्यावर कडेवरचं साचलेलं पाणी फडक्याने पुसून घ्या आणि तारेच्या घासणीने तिथे घासू नका. कडेवर पाणी उभंच राहत असेल, स्पिरिट लेव्हल ठेवल्यावर कड भिंतीकडे उतरती दिसत असेल, तर मात्र सिलिकॉन दोन-तीन वर्षांनी बदलावंच लागेल हे धरून चाला. तो टब बसवतानाचा दोष आहे.

ज्यांच्याकडे नवा टब अजून बसायचा आहे, त्यांनी मिस्त्रीला आधीच चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. आधी टब बसवायचा आणि टाइल त्याच्या कडेच्या वर उतरवायची, टाइल लावून झाल्यावर टब आत सरकवायचा नाही. टाइल कडेला टेकवायची नाही, मधे ५-६ मिलिमीटर मोकळी सोडायची आणि त्यात ग्राउट किंवा व्हाइट सिमेंटचा कणही जाऊ द्यायचा नाही. कडेचा उतार आतल्या बाजूला. आणि पुढच्या बांधकामात, वेस्टच्या समोर, हात आणि बॅटरी आत जाईल एवढी झडप.